थांबा, आधी जेवून घ्या

“उघडू नका रं कुनी. आन् ज्यानं उघडला आसंल त्यानं फुडं धाडू नका.” वैजनाथ दुकानात एकटाच मोठ्याने बोलत होता आणि बोलता बोलता अंगठ्याने ग्रुपवरचे फोटो खोडत होता. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर मोबाईलने काहीतरी भलतंच विचारलं, तेव्हा कपाळावरचा चष्मा खाली ओढावा लागला. मग चौथाही गेला. शेवटी त्याने आपला ठरलेला मजकूर टाकला : ‘थांबा. आधी जेवून घ्या.’

फोटो त्याने पाहिले नव्हते. त्याच्या मोबाईलवर कुठलाच फोटो आपोआप उघडत नसे, तशी सोय त्याने करून ठेवली होती. धुरकट काहीतरी दिसायचं आणि तेवढ्यावरून त्याला कळायचं की हा गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात आहे की दुसरं काही. आज त्याने फक्त खालची ओळ वाचली. ‘ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टरला अपघात. तिसगाव परिसरातील एक ठार, काही जखमी.’ टाकणारा समर्थ. मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा, हातात माईक धरून खड्ड्यांसमोर उभा राहणारा गावातला पोरगा. वैजनाथने मोबाईल काउंटरवर उपडा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बाहेर तिसगावचा बाजार भरत होता.

उसाच्या हंगामात निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर जातं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि मोबाईल. म्हणजे वाईट बातमीची ज्यांना सगळ्यात जास्त धास्ती, तीच माणसं ‘आपलं तिसगाव’ ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळ असतात. दिवस उगवला की देवांचे फोटो, दुपारी कांद्याचे भाव, संध्याकाळी हरवलेल्या शेळ्या. आणि मध्येच कधी तरी रस्त्यात पडलेला माणूस, तोंडावरचं कापडसुद्धा नीट न ओढलेला. त्याच्या खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

या ग्रुपचा अ‍ॅडमिन वैजनाथ. गाव त्याला अजून ‘एसटीडीवाला वैजू’ म्हणतं. एसटीडी कधीच गेली. त्याच्या दुकानात आता रिचार्ज, काचा, चार्जर आणि झेरॉक्स मिळतं. पण एके काळी गावातला तो एकच फोन होता आणि कारखान्यावरून आलेला प्रत्येक निरोप वैजनाथच्या सायकलवरून वस्त्यांवर जायचा. त्याची एक रीत होती. बातमी चांगली असली, बाळंतपण सुखरूप झालं, टोळी परत निघाली, की वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यापासूनच तो सायकलची घंटी वाजवत सुटायचा. पोरं पुढे पळत यायची. बातमी वाईट असली की घंटीला हात नाही. पाणी शेंदणाऱ्या बाया सायकल दिसली की कान देऊन उभ्या राहायच्या. सायकल येतेय आणि घंटी नाही, एवढ्यावर त्या समजायच्या आणि दारात येऊन खाली बसायच्या.

मग वैजनाथ पाणी मागायचा. पाणी पिऊन झालं की विचारायचा, “जेवलात का?” नसतील जेवले तर म्हणायचा, “मलाबी भूक लागलीय, वाढा.” त्यांच्याबरोबर दोन घास खायचा. त्यांचं खाऊन झालं की मग सांगायचा, “पाव्हन्याची तब्येत जरा जास्त हाय. निघावं लागंल.” मेला हा शब्द त्याने कोणाच्या दारात कधी उच्चारला नाही. कळलं की चूल बंद होते, घास उतरत नाही आणि पुढचा सगळा प्रवास, ताटकळणं, रडणं उपाशीपोटी करावं लागतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, दारोदार फिरून कळलं होतं.

मोबाईल आले आणि बातम्या त्याच्या आधी पोहोचू लागल्या. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, सायकल मारून गुडघे दुखत होतेच. वाईट वाटलं ते गोजरबाईचं झालं तेव्हा.

गोजरबाई त्याची थोरली बहीण. गावातच दिलेली. तिचा एकुलता एक वाल्मिक दोन वर्षांपूर्वी फाट्यावर मोटारसायकलवरून गेला. गाडी घसरली, मागून टेम्पो आला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी फोटो ग्रुपवर आला. गोजरबाई त्या वेळी अंगणात ज्वारी निवडत मोबाईलवर कीर्तन ऐकत होती. फोटो आला, तिने उघडला. चेहरा दिसत नव्हता. तिने चप्पल ओळखली, कारण ती तिनेच बाजारातून आणली होती. त्या फोटोखाली लोकांनी आधीच श्रद्धांजल्या वाहिल्या होत्या. आईच्या आधी साऱ्या गावाला माहीत, आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन तिचा सख्खा भाऊ. तिने मोबाईल पाण्याच्या हौदात टाकला. तेव्हापासून ती भावाच्या दुकानात पाऊल टाकत नाही. काही काम असलं तर समोर कडूबाईच्या बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहून हाक मारते. तिथे मोबाईल टांगलेले नसतात.

त्यानंतर वैजनाथने नियम केला. मेलेल्या माणसाचा फोटो टाकायचा नाही. बातमी टाकायचीच असेल तर आधी ‘थांबा’ टाकायचं आणि घरच्यांना कळेपर्यंत खरंच थांबायचं. सुरुवातीचा मजकूर लांबलचक होता : खाली वाईट बातमी आहे, शेजारी कोणी एकटं असेल तर त्याच्याजवळ जा, जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या. लोक हसले. बारावीचा निकाल लागायच्या दिवशी पोरांनी टाकलं, थांबा, आधी जेवून घ्या. क्रिकेटची मॅच हरायला लागली तरी तेच. वैजनाथ चिडला नाही. निदान शब्द तरी पाठ झाले, म्हणाला.

समर्थ मात्र हसला नव्हता, भांडला होता. दुकानात येऊन, स्टुलावर बसून. “काका, तुमचा थांबा आला की लोक जास्तच घाबरतात. कुनाचं, काय, काहीच कळत न्हाई. आईचं बीपी वाढलं माझ्या. त्यापेक्षा सरळ टाकलेलं बरं. ज्याला बघायचंय त्यो बघंल.”

“वाढू दे बीपी,” वैजनाथ म्हणाला होता. “उभ्यानं वाढन्यापरीस बसल्यावर वाढल्यालं बरं.”

“आन् लोकांना कळायला नको का?”

“कळू नये आसं कोन म्हनलं? कळन्याच्या आधी जरा खाली बसू द्या म्हनतो मी.”

समर्थ उठून गेला होता. आणि आज त्याने सरळ फोटोच टाकले होते.

सगळ्यात आधी केशरबाई धावत आली. बाजारात तिचं वाळलेल्या मिरच्यांचं दुकान असतं, म्हणजे एक पोतं आणि एक तागडी. मिरच्या उघड्या टाकून ती आली होती. तिचा अंगद आणि सून अंबादास मुकादमाच्या टोळीत गेलेली.

“वैजूभाऊ, ग्रुपवर थांबा आलाय म्हनं.”

“आलाय.”

“कुनाचं हाय?”

“मलाबी ठावं न्हाई अजून. तू बस आधी.”

“बसू कशी? सून लेकरू घिऊन गेलीय माझी.” असं म्हणत ती खाली बसलीच, पायरीवर, पदर तोंडाला लावून.

तिच्या मागून आणखी बाया आल्या, मग म्हातारे आले. कोणी हातातल्या पिशवीसकट, कोणी भाजी घेता घेता. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे होतं आणि प्रत्येकजण तोच प्रश्न विचारत होता. वैजनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. पूर्वी सायकल एका दारात जायची. तेवढंच घर हादरायचं, बाकीची घरं भाकरी थापत राहायची. आज आपण घंटी न वाजवता सगळ्या गावाच्या दारात एकदम जाऊन उभे राहिलो. समर्थ म्हणाला त्यात काही खोटं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

त्याने अंबादास मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाया त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्याने आपल्या पोराला लावला. कानिफनाथ, घरात काना. तो त्याच कारखान्यावर एका मालकाचा ट्रॅक्टर चालवत होता. त्याला टोळ्यांची सगळी खबर असायची. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

“उचलत न्हाई व्हय?” केशरबाईने विचारलं.

“झोपला आसंल. कालपास्नं त्याचा ट्रॅक्टर गॅरेजला हाय. गेअरचं काम निघालंय. काल सांजच्याला बोलला की, दोन दिवस सुट्टी, नुस्ता लोळतो म्हनून.” वैजनाथला पोराचा रागच आला. एरवी दिवसभर मोबाईल कानाला, आणि गरजेला नाही. “जा तुमी घरी. जेवून घ्या. नाव कळलं की ज्याचं आसंल त्याच्या दारात मी सवता येतो. फोटो बघून कुनाचं नाव घिऊ नका. मागं त्या जित्या मानसाला रडलो होतो आपुन, ठावं हाय न्हवं?”

ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्यातला फोटो गावात फिरला होता, घरच्यांनी हंबरडा फोडला होता आणि संध्याकाळी तो माणूस पोतं खांद्यावर टाकून घरी आला होता. बाया उठल्या. जेवायला कोणी जाणार नव्हतं हे वैजनाथला दिसत होतं. एकमेकींच्या अंगणात जाऊन बसल्या तरी पुष्कळ झालं.

दुकान रिकामं झालं आणि त्याला जास्तच अस्वस्थ वाटू लागलं. त्याने झेरॉक्सच्या यंत्रावरची धूळ पुसली. चार्जर नीट टांगले. काउंटरच्या आतून बाहेर आला, बाहेरून आत गेला. रंगुबाईला फोन करावा असं वाटलं, मग नको वाटलं. बायको नगरला, सावेडीत लेकीकडे, धनश्रीकडे गेली होती. लेकीला सातवा लागला होता, डोहाळजेवण करायचं होतं. तिला अपघाताचं सांगितलं तर ती तिकडून पन्नास प्रश्न विचारणार आणि पहिला प्रश्न कानाचा असणार. आधी कानाशी बोलावं, मग तिच्याशी, असं त्याने ठरवलं. पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

ग्रुप उघडून बघितला. त्याच्या ‘थांबा’च्या खाली काहीच नव्हतं. एक हात जोडलेला नाही, एक प्रश्नचिन्ह नाही, कोणाची अर्धवट बातमी नाही. एरवी माणसं अशा वेळी एकमेकांच्या अंगावर पडतात. आज चारशे माणसांचा ग्रुप चिडीचूप होता. ‘जय हरी’ म्हणून रोज दुपारी फोटो टाकणारा निवृत्त मास्तर, तोही गप्प. वैजनाथने वर-खाली सरकवून खात्री केली. नेट चालू होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा गावाने त्याचा नियम पाळला होता, अगदी अक्षरशः. एवढ्या काळजीतसुद्धा त्याच्या मनाला जरा बरं वाटलं. शिकतात माणसं, वेळ लागतो पण शिकतात, असं तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात समर्थ आला. आत आला नाही, दाराशीच उभा राहिला. माईक नाही, गळ्यातलं ओळखपत्र नाही.

“चुकलं माझं, काका.”

वैजनाथने चष्मा वर केला. हा पोरगा असं काही बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. “आता कळलं का?”

“व्हय.”

“फोटो तिकडनं आला म्हनून तसाच ढकलून दिला. बघितला तरी व्हता का नीट?”

“न्हवता बघितला. टाकल्यावर बघितला.”

“ही बघ, तुजा धंदाच हाय बातमीचा, माझं म्हननं न्हाई देऊ नको. पर ज्याच्या घरचं हाय त्यानं पयलं ऐकावं, आन् मानसाच्या तोंडून ऐकावं. यवढंच म्हननं हाय माझं. आमच्या आक्कानं कसं ऐकलं, ठावं हाय ना तुला?”

“हाय.”

“मग?”

समर्थ मान खाली घालून उभा राहिला. वैजनाथला त्याची दया आली. “जा आता. पानी पी. चेहरा बघ कसा झालाय,” तो म्हणाला. समर्थ गेला, पण लांब गेला नाही. पानटपरीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

हॉटेलातून चहा आला. वैजनाथने सांगितला नव्हता. हॉटेलवाला स्वतः घेऊन आला, कप ठेवला आणि एक शब्द न बोलता गेला. समोर कडूबाई बांगड्यांचे डबे उघडत होती आणि बंद करत होती. तिची नजर वर आली की लगेच खाली जात होती. चौकात नगरला जाणारी जीप उभी होती, दारं उघडी, ड्रायव्हर आत बसलेला. बाजाराच्या दिवशी ही जीप माणसं दाटीवाटीने कोंबून केव्हाच निघून जाते. आज एक बाई पिशवी घेऊन चढायला गेली तर ड्रायव्हरने तिला हाताने नको म्हणून सांगितलं. वैजनाथने ते बघितलं. गाडी बिघडली असेल, असं त्याला वाटलं.

केशरबाई पुन्हा आली, या वेळी सावकाश. पायरीवर बसली. वैजनाथकडे न बघता म्हणाली, “भाऊ, आमचा अंगद बरा हाय. हाताला लागलंय. सून लेकरू चांगली हायती.”

“कुनी सांगितलं?”

“त्योच बोलला. मुकादमाच्या मोबाईलवरनं.”

“बरं झालं बाई,” वैजनाथ म्हणाला आणि त्याला मनापासून हायसं वाटलं. “सुटलीस. आता चूल पेटव.”

केशरबाई रडायला लागली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून.

“आगं, लेक बरा हाय ना? मग रडती कशाला?”

ती नुसती मान हलवत राहिली.

“मग गेलं कोन? काय म्हनला अंगद?”

“मला न्हाई ठावं, भाऊ.” ती उठली. दोन पावलं गेली आणि परत फिरून तिने काउंटरवरचा गार झालेला चहा त्याच्यासमोर सरकवला. “च्या तरी घ्या,” म्हणाली आणि गेली.

तिच्या बोलण्यातलं काहीतरी वैजनाथला टोचत राहिलं. काय ते त्याला क्षणभराने कळलं. मुकादमाच्या मोबाईलवरून. म्हणजे मुकादमाचा फोन चालू आहे. लोक त्यावरून बोलताहेत. त्याने पुन्हा लावला. एकदा वाजला आणि तिकडून कापला गेला. वाजून वाजून बंद पडणं वेगळं आणि कापणं वेगळं. आयुष्यभर फोनच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला ते कोणी सांगावं लागत नाही. त्याने कानाचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कानाचं चित्र पडद्यावर येत होतं, मढीच्या यात्रेत काढलेलं, कपाळभर गुलाल. हंगाम संपला की त्याला मुली बघायला सुरुवात करायची होती. रंगुबाईने नात्यात सांगून ठेवलं होतं.

ट्रॅक्टर गॅरेजला आहे, असं तो स्वतःला सांगत होता. ट्रॅक्टर गॅरेजला आहे, मग तो रस्त्यावर कशाला येईल. तो पायऱ्या उतरून थेट पानटपरीकडे गेला. समर्थने त्याला येताना पाहिलं आणि मोबाईल पाठीमागे धरला.

“दाखव त्यो फोटो.”

“खोडला, काका.”

“खोटं बोलू नको. दाखव.”

“नको काका.”

“म्या म्हनतो ना. दाखव.”

समर्थच्या डोळ्यांत पाणी होतं. “तुमचाच नियम हाय, काका,” तो म्हणाला. “फोटोत बघायचं न्हाई. मानसाच्या तोंडून ऐकायचं.”

वैजनाथ त्याच्यासमोर उभा राहिला. हात पुढे केलेला होता तो तसाच राहिला. आजूबाजूला बाजार होता पण बाजाराचा आवाज नव्हता. मेथीवाली ओरडत नव्हती. कपड्याच्या दुकानात रोज चालणारं गाणं बंद होतं. एवढी माणसं आणि एकजणही त्याच्याकडे बघत नव्हता. दोन्ही बाजूंना सगळे पाठमोरे. तो वळला आणि दुकानाकडे निघाला.

दुकानात गोजरबाई उभी होती.

दोन वर्षांत ती या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. टांगलेल्या मोबाईलांच्या खाली, काचेच्या कपाटाला अंग न लागेल अशी अवघडून उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. ऊन अंगावर घेत आली होती, धापा टाकत होती.

“आक्का. तू आत आलीस?”

तिने स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि त्याला दंडाला धरून त्यावर बसवलं. मग काउंटरवरचे चार्जरचे डबे बाजूला सारून फडक्याची गाठ सोडली. भाकरी अजून गरम होती. वर लसणाची चटणी, शेजारी कांदा.

“वैजा,” ती म्हणाली, “जेवलास का?”

किती दारांत त्याने हा प्रश्न विचारला होता. विचारल्यावर माणसं कशी बघतात ते त्याला माहीत होतं. काही लगेच समजतात, काही समजून न समजल्यासारखं करतात. दोन घास खाईपर्यंत माणूस अजून जिवंत असतो, म्हणून काहीजण हळूहळू खातात. आज त्याला पहिल्यांदा कळलं की या बाजूने हा प्रश्न कसा ऐकू येतो.

“काना?” त्याने विचारलं.

गोजरबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. “आदी खा. मग सांगते.”

“आक्का…”

“खा, वैजा. तुला लांब जायचंय.”

त्याने घास तोंडात घातला. चावत राहिला. उतरेना, तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ती समोर उभी राहून एकेक तुकडा मोडत होती आणि तो खात होता, लहानपणी खायचा तसा. अर्धी भाकरी झाली. त्याने नको म्हणून हात आडवा केला. तिने आणखी एक घास दिला. तो त्याने खाल्ला.

मग गोजरबाई त्याच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. कानाचा ट्रॅक्टर गॅरेजला होता. दुसरा ड्रायव्हर तापाने फणफणला म्हणून मुकादमाने विनंती केली आणि काना त्या ड्रायव्हरच्या ट्रॅक्टरवर बसला. उतारावर ट्रॉली उलटली. मागची माणसं बाजूला फेकली गेली, वाचली. काना ट्रॅक्टरच्या खाली सापडला. हॉस्पिटलपर्यंतही गेला नाही. ती थांबून थांबून सांगत होती, पण तिने काही चोरून ठेवलं नाही. अंगदनेच तोंडावर कापड टाकलं, हेही सांगितलं.

वैजनाथ ऐकत राहिला. त्याला रडू येत नव्हतं. त्याची नजर काउंटरवरच्या मोबाईलवर गेली.

“गावाला ठावं हुतं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“सगळ्यांना?”

“बाया तुझ्याकडनं परतल्या, तवर. समर्थनं फोटो नीट बघून काना वळखला, पळत माझ्याकडं आला, पाय धरून रडला. मी म्हनलं, कुनी त्याला फोनवर काय कळवायचं न्हाई. मी भाकरी करून नेते, तवर थांबा. थांबले समदे.” तिने पदराने तोंड पुसलं. “माझ्या वक्ताला कुनी थांबलं न्हवतं, वैजा.”

आता त्याला रडू आलं. बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेरच्या कोणी आत वाकून बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. “रंगूला?”

“न्हाई सांगितलं. जावयाला कळवलंय. त्यानं दोघींचे मोबाईल काढून ठिवलेत, बिघडलेत म्हनून सांगितलंय. त्यो घरातनं हालला न्हाई. धनश्रीची तसली अवस्था…”

“दुसऱ्या कुनी सांगायचं न्हाई. मी जातो.”

“मीबी येते.”

तो उठला. मोबाईल घेतला नाही, तसाच उपडा राहू दिला. उरलेल्या भाकरी त्याने एकावर एक ठेवल्या, चटणी मध्ये घातली आणि फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली. गोजरबाई पुढे झाली तर त्याने तिला थांबवलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच बांधली.

“ती जेवली नसंल अजून,” तो म्हणाला. “सगळ्यांना वाढून मग बसती.”

चौकातली जीप त्याच्यासाठीच उभी होती. ड्रायव्हरने काही न विचारता गाडी चालू केली. गोजरबाई त्याच्याशेजारी बसली. मागच्या बाजूने समर्थ चढला आणि कोपऱ्यात टेकला. रस्ता बाजाराने भरला होता, टोपल्या, हातगाड्या, माणसं. ड्रायव्हरचा हात सवयीने हॉर्नकडे गेला आणि त्याने तो मागे घेतला. कोणी ओरडलं नाही, कोणाला बाजूला हो म्हणावं लागलं नाही. माणसांनी आपणहून टोपल्या उचलल्या आणि जीप हॉर्न न वाजवता सगळ्या बाजारातून हळूहळू बाहेर पडली. वैजनाथ दोन्ही हातांनी मांडीवरचं फडकं धरून बसला होता. सावेडीला पोहोचेपर्यंत भाकरी गरम राहायला हवी होती.